तिकडची बाजू उद्या

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे हळद पलटणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातली होती. उन्हं कलली की ती खालवर करायची, म्हणजे सगळ्या अंगानं वाळते. मी दाताळ्यानं ओढत होतो अन् गिरजा, माझी बायको, पायानं. तिला दाताळं आवडायचं नाही. किती वाळलं ते पायाला कळतंय, लाकडाला काय कळतंय, असं तिचं म्हणणं. लिंबाच्या बाजूची हळद सगळी पलटून झाली. धरणाकडची राहिली होती. अजून उजेड होता म्हणून मी तिकडं निघालो, तर ती आडवी आली.

"तिकडची बाजू उद्या."

"आज व्हतंय की. उजेड हाय."

"उद्या म्हणलं ना. अन् ती मी करीन, तुमी येऊ नका. तुमचे पाय बगा कसे पडून राहिले. हळकुंडाचा भुगा करता नुसता."

मी म्हणलं, बरं बाई. दाताळं लिंबाला टेकवलं. तिनं रांजणापाशी पाय धुतले, पण हळदीचा पिवळेपणा टाचेच्या भेगांतून काही गेला नाही. भाकरी अन् मेथीची भाजी केली. भाजीत मीठ जास्ती झालं होतं. मी बोललो, तर म्हणली, उद्या कमी घालते. सगळंच उद्यावर टाकून ती झोपली अन् सकाळी उठली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. आमच्या भजनातल्या लोकांनी म्हणलं की आबा, तुमच्या बाबतीत जे झालं ते लिहून द्या, कुणाला उपयोग होईल. उपयोग कुणाला काय होणार ते मला माहीत नाही. मलाच अजून नीट उमगलं नाही. पण जसं झालं तसं लिहितो, पदरचं घालत नाही.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याच्या कडंला आहे अन् आमचं घर शेतातच. गिरजा जायच्या आधी बरेच दिवस पहाटं एक टिटवी वरडायची. थोडंथोडकं नाही, सगळं शिवार उठवील असं. टिटवी घरापाशी वरडली की माणूस जातं, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक आहे. मी डोळे उघडायचो तर अंथरुणात गिरजा नसायची. ती कायम माझ्या आधी उठायची, चुलीपाशी नाहीतर बाहेर कुठंतरी असायची. ती आत आली की मी म्हणायचो, त्या टिटवीला हाकलून देतो. तर ती म्हणायची, "वरडू द्या. तुमच्या भजनापेक्षा बरी वरडती." अन् हसायची. ज्या दिवशी ती गेली त्या पहाटं टिटवी वरडली नाही. मला बरं वाटलं. मी उन्हं वर येस्तोवर झोपलो. उठून बघतो तर ती शेजारीच होती, भिंतीकडं तोंड करून, अन् अंग गार.

त्यानंतर टिटवीचा पहाटंचा वरडा बंद झाला. दिवसा कधी कुत्रं गेलं तर एखादा आवाज करायची, पण पहाटंचा नाही. लोक म्हणले, जिच्यासाठी आली होती तिला घेऊन गप बसली. माझी धाकटी बहीण शांता, तिचाही नवरा मागंच गेलेला, ती माझ्याकडं राहायला आली. तीही तेच म्हणली. मीही तेच समजलो. समजलो म्हणण्यापेक्षा माझ्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं.

आता पिठाचं सांगतो. आमच्याकडं रीत आहे. माणूस जिथं गेलं ती जागा सारवून तिथं दिवा ठेवतात, भोवती पीठ चाळून पसरतात अन् वरून टोपलं झाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपलं उचलून बघायचं. पिठावर जे पाऊल उमटलं असंल, त्या जन्माला जीव गेला असं धरतात. कुणाला गाईचं खूर दिसतं, कुणाला लहान लेकराचं पाऊल. शांतेनं पीठ परातीत पसरलं अन् मधी दिवा ठेवला. सकाळी टोपलं उचललं तर पिठात तीन काड्या, पुढं फाकलेल्या, अन् मागं एक रेघ. अशी दोन-तीन पावलं.

शांता म्हणली, "पाखराचं हाय."

कुणीतरी बाई म्हणली, "टिटवीचंच."

मंग सगळे गप झाले. त्या गप बसण्यानं मला जास्त लागलं. बोलले असते तर मी भांडलो असतो.

मला काय करावं समजेना. गिरजेला टिटवीनं नेलं म्हणायचं का गिरजा टिटवी झाली म्हणायचं? अन् टिटवी तर ती मरायच्या आधीपासून वरडत होती, मंग ती टिटवी अन् ही टिटवी एक कशी? हे मी शांतेला विचारलं. ती म्हणली, "दादा, देवाच्या कामात असं खोदून विचारू नये." खोदू नको म्हणलं की माणूस जास्तच खोदतं. जन्मभर मी भजनात टाळ वाजवला. देह काय, आज आहे उद्या नाही, असं गळा काढून म्हणलो. लोकांच्या मयतीला जाऊन त्यांना शहाणपण सांगितलं. अन् माझ्यावर आलं तर त्यातला एक शब्द कामाला येईना. ज्या बाईनं कधी कुणाला शिवी दिली नाही, तिला हा पाखराचा जन्म काहून? अन् तोही असा, की जिचा आवाज आला की लोक दाराला कडी लावतात? पीठ त्याच दिवशी पाण्यात सोडायचं असतं. मी सोडलं नाही. परात फडक्यानं झाकून फळीवर ठेवून दिली. शांतेला वाटलं शेजारच्यांनी पीठ सोडायला नेली.

तेराव्याचे दिवस झाल्यावर मी नरसीला गेलो. हिंगोलीला उतरून पुढं दुसऱ्या गाडीनं. नामदेव महाराजांच्या गावावर आमच्या घरची जुनी श्रद्धा आहे. लग्न झाल्यावर मी गिरजेला पहिल्यांदा कुठं नेलं असंल तर तिथंच. तिथं देवळात बसलो. डोळे मिटून म्हणलं, तुमच्याशी तर देव समोर बसून बोलायचा म्हणतात. मला जास्त नको. ती कुठं आहे एवढंच सांगा. बसलो, बसलो. शेजारी एक पोरगी खेळण्यातला मोबाईल वाजवीत होती, तेवढाच आवाज. काही उत्तर आलं नाही. मला राग आला. देवावर राग धरू नये, पण आला तो आला. रिकाम्या हातानं गेलो तसाच परत आलो.

घरी आलो तर शांता वाटच बघत होती. रोज सांजेला आभाळ भरून येत होतं, कधी पाऊस येईल नेम नव्हता. धरणाकडची हळद तशीच पडलेली, कुणी पलटलीच नव्हती. तिनं मजूर बाया सांगून ठेवल्या होत्या, पण त्या अर्ध्यातून पळून आल्या. खळ्याच्या त्या कडंला टिटवीनं अंडी घातलीत अन् जवळ गेलं की ती डोक्यावर येऊन राहिली, म्हणून. टिटवीची अंडी म्हणल्यावर त्या पुन्हा यायला तयार नव्हत्या.

"दादा, ती अंडी उचल अन् लांब नेऊन पूर," शांता म्हणली. "एक माणूस घेऊन गेली. आता घरात तू अन् मीच राहिलो. मला अजून नातसून बगायची हाय."

मी घमेलं घेतलं अन् निघालो. तेवढ्या वाटंत मला काय काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. या टिटवीनं माझी बायको नेली असंल, तर अंडी पुरलीच पाहिजेत. पण ही टिटवी म्हणजे माझी बायको असंल तर? मंग मी कुणाची अंडी पुरायला निघालोय? थोडं चालायचो, राग यायचा. थोडं चालायचो, हात गळायचे. खळ्याच्या मधोमध येऊन मी उभाच राहिलो. पुढं जाववंना, मागं फिरवंना.

तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "बाबा, या शेतातून पाण्याकडं गेलं तर चालेल का?"

बघतो तर एक बाई. वय झालेलं, माझ्यापेक्षा थोडी लहान असंल. डोक्याला उन्हाची टोपी, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. गाडी धरणाच्या रस्त्यावर उभी करून बांधाबांधानं आली होती. मी विचारलं, कोण तुम्ही? म्हणली, मी पाखरांवर, झाडांवर पुस्तकं लिहिते, धरणावर पाखरं बघायला आले.

मी तिरसटपणानं म्हणलं, "पाखरावर काय लिव्हायचं? पाखरू हाय, उडतंय."

ती हसली. म्हणली, "एवढंच नीट लिहायला माझं अर्धं आयुष्य गेलं."

मंग तिनं माझ्या हातातलं घमेलं बघितलं अन् कुठं निघालात विचारलं. मी सांगितलं, टिटवीची अंडी काढायची आहेत. मला वाटलं ही आता मला शिकवणार, पाप लागतं, गुन्हा आहे, असं काहीतरी. ती तसलं काही बोलली नाही. म्हणली, "काढायची तर काढा, तुमचं रान आहे. पण आधी थोडं बसून बघू का? मला बघायचं आहे. तुम्ही बसलात तर मला सोबत होईल." असं कुणी म्हणलं नव्हतं मला बऱ्याच दिवसांत. लोक म्हणत होते, आबा जेवा, आबा झोपा, आबा रडा म्हणजे मोकळं वाटंल. नुसतं बसा, असं कुणी म्हणलं नव्हतं. मी घमेलं उपडं घातलं अन् त्यावर बसलो.

आम्ही लिंबाखाली बसलो. तिनं पिशवीतून शेंगदाणे अन् गूळ काढला, मलाही दिला. टिटवी पहिल्यांदा पळापळ करून राहिली होती, मंग आम्ही हलेना तशी ती शांत झाली. पिवळ्या काटकुळ्या पायांनी आली अन् एका जागी खाली बसली. बाईनं दुर्बीण माझ्या हातात दिली. मला आधी नुसतं आभाळ दिसलं, मंग माझेच पाय. तिनं धरून दाखवली तेव्हा टिटवी दिसली, पार जवळ, डोळ्यापुढची लाल कातडीसुद्धा. साठ-सत्तर वर्षं मी तिला शिवारात बघत आलो, पण तिच्या डोळ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

थोड्या वेळानं दुसरी टिटवी धरणाकडून आली. तिचं पोट भिजलेलं होतं, पिसं चिकटलेली. ती जवळ आल्याबरोबर बसलेली उठली अन् बाजूला झाली. भिजलेली अंड्यांवर बसली. जी उठली होती ती पाण्याकडं गेली. मी विचारलं, हे काय? बाई हळूच म्हणली, "ऊन फार आहे. अंडी शिजू नयेत म्हणून पोट भिजवून आणतात. नर अन् मादी दोघंही. पाळीपाळीनं." मी पुन्हा विचारलं, यातला नर कोणता? म्हणली, "इतक्या लांबून मला नाही सांगता येत." मला ते बरं वाटलं. एवढी पुस्तकं लिहिणारी बाई अन् येत नाही म्हणून सांगते. आमच्याकडं तर येत नाही असं कुणीच म्हणत नाही, मीही नाही.

आम्ही बघत राहिलो. एक येते, एक उठते. घाई नाही, अन् उशीर पण नाही. माझं मन हळूहळू कसं झालं ते मला सांगता येत नाही. राग होता तो कुठं गेला काय माहीत. मला वाटायला लागलं की त्यातली एक गिरजा आहे. खरंच वाटायला लागलं. ती मान वाकडी करून बघायची, ते बघणं गिरजेसारखं. वाटलं, हा जन्म काही वाईट नाही. धरणाचं पाणी आहे, आपलंच रान आहे, रोज मला दिसंल. एवढं वाटलं अन् मी उठलो, घरात गेलो, फळीवरची परात आणली. बाईला सगळं सांगितलं. गिरजेचं, पिठाचं, पावलाचं. मंग फडकं काढलं अन् म्हणलं, "बगा. टिटवीचंच हाय ना?"

ती परात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. चष्मा काढला, पुन्हा लावला. मंग म्हणली, "बाबा, खोटं बोलू का खरं?"

"खरं बोला."

"ही टिटवी नाही. टिटवीचं मागचं बोट अगदी बारीक असतं, ते जमिनीला टेकत नाही. म्हणून ती झाडावर बसत नाही, तिला फांदी धरता येत नाही. या पावलाचं मागचं बोट लांब आहे. बारकं पाखरू असेल, घरात फिरणारं. चिमणी असेल. टोपल्याला फट होती का?"

फट होती. टोपलं जुनं होतं. अन् टिटवीला मी जन्मात कधी फांदीवर बघितलं नाही, हेही खरं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. गिरजेला अवदसा लागली नाही, लोक बोलत होते ते खोटं. पण मला तर आत कुणीतरी मोठा खड्डा खणल्यासारखं झालं. आत्ताच कुठं ती मला सापडली होती अन् या बाईनं काढून घेतली. मी तिच्यावर ओरडलो. मला आठवतं, मी म्हणलो, "मंग ती कुठं हाय? एवढं बोटाचं कळतंय तर तेबी सांगा."

ती म्हणली, "ते मला माहीत नाही."

"मंग लिव्हता काय तुमी पुस्तकात?"

ती रागावली नाही. परातीवर फडकं नीट टाकलं. म्हणली, "पहिल्यांदा मी पण असंच लिहायचे. एकदा लिहिलं होतं की अंडी गेलेली टिटवी रडते आहे. बाबा, रडत मी होते. टिटवीनं थोड्या दिवसांनी शेजारच्या रानात दुसरी अंडी घातली. तेव्हापासून पाखराच्या तोंडात मी माझं बोलणं घालत नाही. ते काय करतं तेवढं बघते अन् तेवढंच लिहिते. त्याचा अर्थ काय ते पुष्कळदा मला कळत नाही. न कळता बसायची सवय करावी लागते. मला ती अजून पुरती लागली नाही."

मी परात तिच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. मंग तिनंच दुर्बीण लावली अन् विचारलं, "बाबा, अंड्यांच्या भोवती खडे कुणी मांडलेत? आधी मला वाटलं टिटवीनंच आणलेत. ती आणते, पण बारके आणते. हे मुठीएवढे आहेत, गोल लावलेत. अन् शेजारी मातीचं काहीतरी आहे."

मी बघितलं. हळदीच्या कडंला एक गोल सोडलेला होता, हळकुंडं तिथवर येऊन थांबलेली. भोवती खडे. अन् खड्यांच्या बाहेर एक मातीचं परळ. त्याची कड एका बाजूला उडालेली. ते परळ मला ओळखायला यायला दुर्बीण नको होती. गिरजा त्यात दही लावायची. आठवडाभर मी तिला विचारत होतो परळ कुठं गेलं, अन् ती म्हणायची, फुटलं. धरणाकडची हळद तिनं एकटीनं पसरली होती, मला येऊ दिलं नव्हतं. तुमी येऊ नका. तिकडची बाजू उद्या.

मी बाईला विचारलं, "टिटवी पहाटं काहून वरडती?"

म्हणली, "कुणी अंड्यांजवळ आलं की. कुत्रं, मुंगूस, माणूस. कुणीही."

"पाणी ठेवाया आलं तरी?"

"तिला काय माहीत पाणी ठेवायला आलं का अंडी उचलायला. ओरडणारच."

मंग मला सगळं एकदम समजलं. पहाटं अंथरूण रिकामं असायचं ते काहून. टिटवी वरडायची ती काहून. अन् गिरजा गेली त्या दिवशी टिटवी गप होती ती काहून, अन् त्यानंतरही. पाणी ठेवायला कुणी गेलंच नव्हतं. सगळा गाव म्हणत होता की टिटवीनं तिचा मरणाचा निरोप आणला. तो आवाज गिरजेच्याच चालण्याचा होता. ती चालत होती, धडधाकट होती, तोवर तो येत होता. मी पांघरुणात पडून त्याला शिव्या घालत होतो.

मी रडलो. इतके दिवस रडलो नव्हतो, सगळ्यांसमोर कोरडाच होतो. परक्या बाईसमोर रडलो. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला नाही की काही समजावलं नाही. तोंड धरणाकडं करून बसून राहिली. पाखरासमोर बसते तशीच. मी गप झाल्यावर म्हणली, "पिठातलं पाऊल कुणाचं ते मला नक्की सांगता येत नाही. पण ते खडे कुणी लावले ते तुम्हाला माहीत आहे. तेवढं धरा." मंग उठली, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत. निघताना मी विचारलं की त्या परळातलं पाणी टिटवी प्यायची का. म्हणली, "धरण एवढं जवळ असताना? काय माहीत. नसेलही पीत." अन् जाता जाता म्हणली, "पण ठेवणारीनं ठेवलं."

शांतेला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणली, "वहिनी म्हंजी पहिल्यापास्नं अशीच, घरचं परळ टिटवीला." पण डोळे पुसले. अन् मंग पुन्हा म्हणली, "तरी दादा, जपून बाबा. टिटवी ती टिटवी."

आता लोक मला विचारतात, ती बाई कोण होती? नरसीहून आल्याबरोबर, मी घमेलं घेऊन मधोमध उभा असताना, नेमकी तेव्हाच ती कशी आली? कुणी म्हणतात, महाराजांनीच पाठवली. मी होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिनं माझ्यासमोर गूळ-शेंगदाणे खाल्ले, तिचे गुडघे दुखत होते, जाताना बांधावर ती एकदा घसरली. देव असा घसरत असंल का, मला माहीत नाही. पण मी नरसीला बसून जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मला तिच्याकडून आलं नाही, हेही खरं. मी विचारलं होतं ती कुठं आहे. मला कळलं ते एवढंच की ती काय करायची. एवढी वर्षं एका घरात राहून मला ते माहीत नव्हतं. मागितलं एक अन् मिळालं दुसरं. मिळालं ते मोठं का मागितलेलं मोठं, हे मला अजून ठरवता आलं नाही. कधी वाटतं फसवलं. कधी वाटतं, माझ्या ओंजळीत मावंल तेवढंच देवानं घातलं.

ती कुठं आहे, हे अजून रोज डोक्यात येतं. चिमणी दिसली तरी मी थबकतो, खोटं कशाला बोलू. पण आता मी देवाचा गळा धरून विचारत नाही. तिचं पुढचं काय करायचं ते त्याचं काम आहे, त्याला करू द्यावं. तिचं इथलं राहिलेलं काम मात्र माझ्याकडं आहे. एवढी वाटणी मला समजली. या वाटणीसाठी मी नामदेव महाराजांच्या पायाशी डोकं ठेवतो, अन् त्या बाईलाही हात जोडतो. तिचं नाव मी विचारलं नाही. तिनं माझं विचारलं नाही.

ती बाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं तेवढं सांगतो अन् थांबतो. शांता उठायच्या आधी उठलो. परात घेतली, तांब्या घेतला अन् धरणावर गेलो. पाण्यात कमरेएवढा उतरलो अन् पीठ सोडलं. ते लगेच बुडालं नाही, थोडा वेळ पांढरं पांढरं तरंगलं, मंग गेलं. पाऊल कुणाचं होतं ते पाण्याला विचारलं नाही. तांब्या भरून घेतला. ओल्या धोतरानं तसाच खळ्यावर आलो अन् धरणाकडच्या बाजूला गेलो, जिथं मला येऊ नका म्हणलं होतं. गोलाच्या जवळ गेलो तशी टिटवी उठली अन् वरडली. तोच वरडा, सगळं शिवार उठवील असा. डोक्यावरून गेली, पुन्हा फिरून आली. मी वाकलो अन् परळ भरलं.

घरातून शांतेची हाक आली, घाबरलेली. "दादा, ऐकलं का? पुन्हा वरडून राहिली."

"व्हय शांते," मी म्हणलं. "मीच हाय."

अन् दाताळं लिंबाला तसंच राहू देऊन, गोल तेवढा सोडून, ती बाजू पायानं पलटायला घेतली.